फुगलेल्या शिरांचा उपचार आणि त्यानंतरचे सहा आठवडे

रक्तदाब तपासून होतो, औषधांची चिठ्ठी लिहून होते आणि रुग्ण खुर्चीवरून उठता उठता म्हणतो, "डॉक्टर, जाता जाता हेही जरा पाहता का?" पायजम्याची कड किंवा साडीचा काठ थोडा वर सरकतो आणि पोटरीवर दोरखंडासारख्या वळणावळणाच्या निळसर शिरा दिसतात. आठ-दहा वर्षांपासून त्या तशाच असतात. फारशा दुखत नाहीत, म्हणून कोणी त्यांची दखल घेतलेली नसते. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात. परंतु ते सारे वयाच्या आणि कामाच्या नावावर खपून जाते.

या विकाराला मराठीत 'अपस्फीत नीला' असे शास्त्रीय नाव आहे. बोलण्यात मात्र 'व्हेरिकोज व्हेन्स' हाच शब्द रुळला आहे. या बाबतीत दवाखान्यात मला दोन टोके नित्य दिसतात. एका टोकाला घोट्यावर जखम होईपर्यंत थांबणारी माणसे असतात. दुसऱ्या टोकाला मांडीवरच्या बारीक निळ्या-जांभळ्या रेषा पाहून, एखादी जाहिरात वाचून लेझरसाठी निघालेली माणसे असतात. पहिल्यांना उपचाराची गरज असते, पण भीती वाटते; दुसऱ्यांना भीती नसते आणि बहुधा गरजही नसते.

शल्यविशारद शिरेवरची प्रक्रिया तासाभरात पूर्ण करतात. त्यानंतरचे सहा आठवडे मात्र रुग्ण आपल्या घरी काढतो आणि त्या काळातील प्रश्न बहुतेक वेळा कुटुंबाच्या डॉक्टरांकडे येतात. हे दुखणे अपेक्षित आहे का, मोजा रात्री काढावा का, ही गाठ कसली, कामावर कधी जावे? उपचार काय असतो आणि त्यानंतर काय काय होते, हे आधीच ठाऊक असेल तर भीती पुष्कळ कमी होते. म्हणून ते येथे क्रमाने सांगत आहे.

शिरा फुगतात म्हणजे काय होते?

आधी शब्दाचा घोटाळा दूर करू. मराठीत आपण 'शीर' हा शब्द फार सैलपणे वापरतो. मानेची 'शीर आखडते' तेव्हा तो स्नायू असतो, कमरेत 'शीर दबते' तेव्हा ती नस म्हणजे मज्जातंतू असतो, आणि पायावर 'शीर फुगते' तेव्हा ती रक्तवाहिनी असते. या लेखात शीर म्हणजे नीला, अर्थात पायांकडून हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी.

हृदय रोहिण्यांतून रक्त जोराने पायांपर्यंत ढकलते. परतीच्या वाटेवर रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते आणि हे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आकुंचन पावतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत जागोजागी एकाच दिशेने उघडणाऱ्या नाजूक झडपा असतात. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना याच झडपांचा आधार घेतला.

झडपा निकामी झाल्या की उभे राहताच रक्त खाली उतरते आणि त्याचा भार त्वचेखालच्या शिरांवर पडतो. त्या रुंदावतात, लांबतात आणि जागा पुरेनाशी झाल्याने वळणे घेतात. हा कल बहुधा घराण्यातून येतो. वाढते वय, स्थूलता आणि बाळंतपणे त्यात भर घालतात. उभ्याने करावयाची कामे तो त्रास वाढवतात. इस्त्री करणारे, केशकर्तन करणारे, वाहतूक पोलीस, शिक्षक, ओट्याशी उभ्या राहून शेकडो पोळ्या लाटणाऱ्या स्त्रिया, इचलकरंजी-मालेगावकडील यंत्रमागांवरचे कामगार ही मंडळी तासन् तास उभी असतात, पण चालत नाहीत. पोटरीचा पंप त्यामुळे बंदच राहतो.

आजार कोणत्या पायरीवर आहे?

डॉक्टर या विकाराच्या शून्य ते सहा अशा पायऱ्या मानतात. बारीक रेषा ही पहिली पायरी. तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, फुगीर शिरा ही दुसरी. तिसऱ्या पायरीत पायाला सूज येते. चौथ्या पायरीत घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा तपकिरी-काळपट, खाजरी आणि पुढे कडक होऊ लागते. पाचवी पायरी म्हणजे भरून आलेला व्रण आणि सहावी म्हणजे उघडी जखम. चौथ्या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. गजकर्ण किंवा इसब समजून त्यावर महिनोन् महिने मलमे लावली जातात आणि मूळ कारण वर मांडीत तसेच राहते.

निदानासाठी 'कलर डॉपलर' ही सोनोग्राफीसारखी वेदनारहित तपासणी करतात. ती शक्यतो रुग्णाला उभे करून व्हावी, कारण रक्ताचे उलटे वाहणे उभ्यानेच नीट कळते. त्वचेखालच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटे वाहिले, तर झडप निकामी समजतात. याच तपासणीत खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत ना, हेही पाहिले जाते. तेथे पूर्वी गुठळी होऊन वाट बंद झाली असेल, तर वरच्या फुगलेल्या शिरा हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकतो आणि त्या बंद करणे अहिताचे ठरू शकते. म्हणून डॉपलरशिवाय उपचार ठरवू देऊ नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पायावर शिरा दिसतात आणि पाय दुखतो, म्हणून दुखणे शिरांचेच असेल असे नाही. दिवस चढत जातो तसे वाढणारे, पाय उंच ठेवून पडल्यावर उतरणारे जडपण बहुधा शिरांचे असते. कमरेतून निघून पोटरीत उतरणारी कळ, गुडघ्याची झीज आणि मधुमेहामुळे होणारी तळव्यांची आग ही निराळी दुखणी आहेत. शिरांच्या उपचाराने ती थांबणार नाहीत आणि मग रुग्णाला उपचार फसला असे उगाच वाटते.

कोणी थांबावे, कोणी थांबू नये?

केवळ बारीक रेषा असतील आणि त्रास नसेल, तर काहीही न करणे योग्य आहे. रूपासाठी त्या घालवायच्या असतील तर तो आपला निर्णय. परंतु त्याला आजाराची भीती घालून कोणी भाग पाडू नये. गरोदरपणात फुगलेल्या शिरांवरही घाई करू नये. प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत त्यांतील बऱ्याच ओसरतात; तोवर मोजे आणि पाय उंच ठेवणे पुरते.

रोजचा जडपणा आणि सूज, शिरेवर लाल, गरम, दुखरी गाठ, त्वचेचा काळपटपणा, शिरेतून एकदाही झालेला रक्तस्राव, भरलेला किंवा उघडा व्रण, यांपैकी काहीही असेल तर मात्र शल्यविशारदांचा सल्ला घेण्यास उशीर करू नये.

व्रणाच्या बाबतीत मी विशेष आग्रहाने लिहितो. आपल्याकडे घोट्यावरची जखम वर्षानुवर्षे धुतली जाते, तिच्यावर पट्ट्या बांधल्या जातात, हळद आणि निरनिराळ्या पुडी दाबल्या जातात. "जखम आधी भरू द्या, मग शिरेचे बघू" असा सल्लाही पुष्कळ काळ रूढ होता. ब्रिटनमधील २० केंद्रांत ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा क्रम बदलला. ज्यांच्या सदोष शिरा दोन आठवड्यांच्या आत बंद केल्या, त्यांची जखम भरून येण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता. ज्यांना आधी केवळ दाबपट्टी दिली, त्यांचा ८२ दिवस. व्रण पुन्हा होण्याविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला ५०० रुग्णांचा अभ्यासही बोलका आहे: केवळ दाबपट्टी घेतलेल्यांत वर्षभरात २८ टक्क्यांना व्रण परतला, तर दाबपट्टीबरोबर शिरेची शस्त्रक्रिया झालेल्यांत १२ टक्क्यांना. तेव्हा जखमेची निगा आणि शिरेचा उपचार ही दोन्ही कामे एकत्र चालावीत.

उपचार कोणकोणते?

दाबाचे मोजे लक्षणे आटोक्यात ठेवतात. बिघडलेली झडप ते दुरुस्त करत नाहीत. गोळ्यांनी जडपणा आणि सूज काही अंशी कमी होते, शीर पूर्ववत होत नाही. तेल आणि मालीश यांनीही ती होत नाही. उलट दुखऱ्या, गरम शिरेवर जोरकस मालीश करणे टाळावे.

मूळ दोषावरचे उपचार म्हणजे सदोष शीर बंद करणे किंवा काढणे. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी यांत गुडघ्याजवळ सुईएवढ्या छिद्रातून बारीक नळी शिरेत सरकवतात आणि उष्णतेने शीर आतून चिकटवून बंद करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत नळीच्या टोकाशी सुमारे १२० अंश सेल्सिअस उष्णता असते. ती आजूबाजूला लागू नये म्हणून शिरेभोवती थंड सलाइन आणि भूल देणारे औषध भरतात. दुसऱ्या पद्धतीत औषधाचा फेस करून तो सोनोग्राफीच्या साहाय्याने शिरेत टोचतात. विशिष्ट डिंकासारख्या द्रव्याने शीर चिकटवण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. पोटरीवरचे फुगीर वेटोळे दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून आकड्याने काढता येते. जांघेत छेद घेऊन शीर बांधून खेचून काढण्याची जुनी शस्त्रक्रियाही टाकाऊ झालेली नाही. शीर फार रुंद किंवा फार वळणाची असेल, किंवा यंत्रे उपलब्ध नसतील तेव्हा ती चांगले काम देते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये ठरवलेला क्रम असा आहे: आधी उष्णतेने बंद करणे, ते जमण्यासारखे नसेल तर फेस, आणि तेही योग्य नसेल तर शस्त्रक्रिया.

खर्चाविषयी संकोच न ठेवता विचारावे. सांगितलेली रक्कम एका पायाची की दोन्ही पायांची, त्यात नळी, मोजे, नंतरची डॉपलर तपासणी आणि उरलेल्या शिरांसाठी लागणारी इंजेक्शने धरली आहेत का, हे लिहून घ्यावे. आरोग्यविम्याच्या बऱ्याच पॉलिसींत या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो. तो संपला आहे का, हे तारीख घेण्यापूर्वीच पाहावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घेण्याचा विचार असेल, तर आपली प्रक्रिया यादीत बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे.

शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो, आणि उत्तर न मिळाल्याने कित्येक जण उपचारच टाळतात. पायातील सुमारे नऊ दशांश रक्त स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांतून वर जाते. त्वचेखालच्या शिरांचा वाटा थोडा असतो, आणि झडप बिघडलेली शीर तर रक्त वर नेण्याऐवजी खाली सोडत असते. ती बंद झाल्यावर रक्त जवळच्या निरोगी शिरांतून खोल शिरांकडे वळते. पाय वाळत नाही, लंगडेपणा येत नाही, ताकद कमी होत नाही.

"उद्या हृदयाची बायपास करायची वेळ आली तर हीच शीर लागते ना?" असेही सुशिक्षित रुग्ण विचारतात. शंका रास्त आहे. परंतु फुगून वेडीवाकडी झालेली शीर त्या कामाला सहसा चालत नाही. निरोगी शिरेला विनाकारण हात लावू नये, हा मात्र त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

प्रक्रियेचा दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संततिनियमनाच्या किंवा इतर संप्रेरकांच्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधे चालू असल्यास ती यादी आधीच दाखवावी. यांतील काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. पूर्वी पायात गुठळी झाली असेल, तर तेही सांगावे. उपाशी राहायचे की हलके खायचे, हे भुलेच्या प्रकारावर अवलंबून असते. सैल पायजमा, सलवार किंवा गाऊन घालावा, कारण परतताना पायावर जाड पट्टी असते. जोडवी आणि पैंजण घरीच काढून ठेवावीत.

प्रथम आपल्याला उभे करून शाईने शिरांवर खुणा करतात. मग भूल देतात. जागेवरची भूल असेल तर शिरेच्या बाजूने अनेक ठिकाणी टोचले जाते. साऱ्या प्रक्रियेत हाच भाग थोडा त्रासदायक असतो. त्यानंतर ओढल्याचे, दाबल्याचे भान राहते, पण वेदना होत नाहीत. एका पायाला साधारणतः अर्धा ते एक तास लागतो. पट्टी किंवा मोजा चढवल्यावर थोड्याच वेळात आपल्याला चालवतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. सोबत कोणीतरी असावे. स्वतः गाडी चालवत परतू नये.

घरी आल्यानंतर

पहिले दोन दिवस. घरातील मंडळी प्रेमापोटी रुग्णाला पलंगावरून उतरू देत नाहीत. या आजारात ती माया उलटी पडते. पडून राहिल्याने रक्त साकळण्याचा धोका वाढतो. म्हणून जागेपणी दर तासाला पाच-दहा मिनिटे घरात चालावे, आणि बसल्यावर पाय उशीवर उंच ठेवावेत. पट्टीवर गुलाबीसर पाण्याचे डाग दिसले तर घाबरू नये. ते आत भरलेले सलाइन असते. दुखल्यास डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी घ्यावी. अंघोळ करताना पट्टी भिजू देऊ नये. गुडघ्याशी पट्टी असल्याने उकिडवे बसणे अवघड जाते. शौचालय भारतीय पद्धतीचे असेल तर खुर्चीची सोय आधीच करून ठेवावी.

तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत. पहिली पट्टी सुटते आणि पाय पाहून बहुतेकांना धक्का बसतो. मांडीवर काळे-निळे डाग असतात. ते पुढे हिरवट, मग पिवळसर होत दोन-तीन आठवड्यांत जातात. साधारण आठवड्याच्या सुमारास मांडीच्या आतल्या बाजूला तार ताणल्यासारखे वाटते, पाय सरळ करताना ओढ बसते. पहिले चार दिवस बरे गेले आणि आता दुखते, म्हणून काही बिघडले असा समज होतो. वस्तुतः बंद झालेली शीर आक्रसत असते आणि ही ओढ अपेक्षित आहे. चालण्याने ती सैल होते. काही ठिकाणी कडक, दुखऱ्या गाठी लागतात. त्या शिरेत अडकलेल्या रक्ताच्या असतात आणि हळूहळू विरतात. पोटरीवर किंवा घोट्याशी एखादा भाग बधिर वाटू शकतो, कारण शिरेलगत संवेदनेची बारीक नस जाते. तो बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतो. क्वचित थोडा राहूनही जातो. प्रक्रियेपूर्वी हे ठाऊक असलेले बरे. याच काळात शीर नीट बंद झाली आहे आणि खोल शिरेत गुठळी नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा डॉपलर करावयास सांगतात. बरे वाटते आहे म्हणून ती टाळू नये.

मोजे किती दिवस वापरावेत, हे प्रक्रियेनुसार ठरते. एक ते दोन आठवडे हा सर्वसाधारण काळ आहे. रात्रीही घालून ठेवायचे असल्यास तसे स्पष्ट विचारून घ्यावे. एरवी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पायावर सूज उतरण्याआधी ते चढवावेत. रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते. सुरकुती राहू देऊ नये आणि वरची कड गुंडाळू नये. ती दोरीसारखी आवळते. मोजे हाताने धुऊन सावलीत वाळवावेत. मधुमेह असेल, धूम्रपानाची सवय असेल किंवा थोडे चालल्यावर पोटरी भरून येत असेल, तर पायातील रोहिण्यांचा प्रवाह तपासल्याशिवाय दाबाचे मोजे घालू नयेत. रक्तपुरवठा आधीच कमी असलेल्या पायाला हा दाब घातक ठरू शकतो.

दोन ते सहा आठवडे. बैठे काम करणारे लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनंतर दोन-तीन दिवसांत कामावर जाऊ शकतात. उभ्याने काम करणाऱ्यांनी एक ते दोन आठवड्यांची तयारी ठेवावी. शीर खेचून काढली असेल तर दोन-तीन आठवड्यांची. जोराने ब्रेक दाबताना पाय दुखत नाही अशी खात्री झाल्यावरच गाडी चालवावी. वजन उचलणे, धावणे, सूर्यनमस्कार हे सारे दोन आठवड्यांनंतर, शल्यविशारदांना विचारून हळूहळू सुरू करावे. लांबचा विमानप्रवास साधारण चार आठवडे टाळणे बरे. एस.टी.ने किंवा मोटारीने जाणे अटळच असेल, तर वाटेत उतरून चालावे आणि बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहावे.

त्यानंतरचे महिने. फेसाच्या उपचारानंतर शिरेच्या मार्गावर तपकिरी रेघ उमटू शकते. ती पुसट व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. पोटरीवर उरलेल्या छोट्या शिरांसाठी पुढे पुन्हा इंजेक्शने लागू शकतात. यास उपचार फसला असे म्हणत नाहीत. तो टप्प्याटप्प्यानेच पूर्ण होतो. तसेच, काळी पडून कडक झालेली त्वचा पुन्हा पूर्वीसारखी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. बिघाड तेथे थांबतो, खाज आणि सूज कमी होते, हाच मोठा लाभ.

पथ्याविषयी हमखास विचारणा होते. बटाटा, वांगे, आंबट, 'वातूळ' यांपैकी काहीही या आजारासाठी वर्ज्य नाही. भाज्या, फळे, कोंड्यासकट पोळी-भाकरी आणि पुरेसे पाणी घ्यावे, म्हणजे बद्धकोष्ठ होणार नाही आणि कुंथावे लागणार नाही.

लगेच डॉक्टरांना गाठावे अशी लक्षणे

रक्ताची गुठळी हा या उपचाराचा विरळा, पण गंभीर धोका आहे. एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजून ताठर आणि दुखरी झाली, तर त्याच दिवशी दाखवावे. धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे ही गुठळी फुप्फुसात गेल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ताप, पू किंवा पसरत जाणारी लाली जंतुसंसर्ग सुचवते. पट्टी बांधलेल्या पायाची बोटे गार, निळी किंवा बधिर झाली, तर पट्टी तत्काळ सैल करून डॉक्टरांना कळवावे. फेसाच्या इंजेक्शनानंतर दृष्टी अंधूक झाली, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर काय करावे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. उभ्या माणसाच्या पायातून अशा वेळी धार लागते आणि घाबरून तो तसाच उभा राहतो. त्याला ताबडतोब आडवे करावे, पाय छातीच्या वर उचलून धरावा आणि स्वच्छ कापडाने रक्ताच्या जागेवर दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाब द्यावा. वर दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नये. रक्त थांबले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशी शीर पुन्हा फुटू शकते.

पुन्हा होतात का?

होऊ शकतात. नीट बंद झालेली शीर सहसा पुन्हा उघडत नाही, परंतु झडपा कमकुवत असण्याचा कल शरीरात राहतो आणि काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते. म्हणून चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाय उंच करून पडणे या सवयी कायमच्या ठेवाव्यात. व्रण होऊन गेला असेल, तर मोजेही बहुधा दीर्घकाळ वापरावे लागतात.

उभे राहणे आणि चालणे यांतील फरक येथे नीट समजून घ्यावा. दिंडीबरोबर चालणे पायांना मानवते. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहणे मानवत नाही. उभ्याने काम असेल तर दर अर्ध्या तासाने टाचा वीस-पंचवीस वेळा वर-खाली कराव्यात, ओट्याशी एक उंच स्टूल ठेवावे, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसावे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे मालकांना बंधनकारक केले. आपल्या हाताखाली कोणी उभ्याने काम करत असेल, तर कायद्याची वाट न पाहताही एक खुर्ची देता येते.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांचे, आणि घरकामाला येणाऱ्या ताईंचेही पाय एकदा उजेडात पाहावेत. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या थोडे वर, त्वचा काळपट किंवा कडक झाली असेल, तर 'पुढच्या खेपेला दाखवू' असे म्हणू नये. त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. व्रण होण्याआधी हाती असलेला वेळ तेवढाच असतो.